पाणी वाढतात

“सर्व्ह? तुमच्या विहिरीवर वेटर ठेवलेत की काय?”

सर म्हणाले आणि वर्ग हसला. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “थाट आहे बुवा रेणापूरकरांचा.” मी सेमिनारचे कागद धरून तशीच उभी.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावोगाव दुष्काळ. मी इंग्रजीत एम.ए. करत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अमेरिकन साहित्याच्या पेपरला काळ्यांचे नळ वेगळे, गोऱ्यांचे वेगळे, हे सरांनीच शिकवलं. शिकवताना त्यांचा गळा दाटून आला होता. म्हणून मी सेमिनारात आमची विहीर लिहिली. लिहिलं, दे सर्व्ह अस वॉटर.

आमच्याकडं पाणी वाढतात. टँकर विहिरीत रिकामा होतो. आम्ही बौद्ध झालो, पण आमच्या बायांनी पोहरा सोडायचा नाही. आई घागर घेऊन लांब बसते. “वाढा वं माय, लेकरं तान्हेली हायेत.” कुणाच्या मनात आलं तर वरून धार सोडतात. पोहरा घागरीला लागू देत नाहीत.

हे मी वर्गात सांगितलं. हसणं थांबलं.

“त्याला पोअर म्हणतात,” सर म्हणाले. “आणि हे पानच काढ. आपण अमेरिकन साहित्य शिकतोय, गावकीची गाऱ्हाणी नाही. पुन्हा लिहून आण, नाहीतर शून्य.”

शून्य म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे शिक्षणच गेलं, पुन्हा रोजगार हमीवर खडी फोडायची. ठाऊक होतं.

पोअर. ओततात. ओतण्यात आईचं मागणं कुठं येतं?

“न्हाई सर.” कॉलेजात दाबून ठेवलेली बोली तोंडातून निघाली. “शब्द चुकला आसंल. पान निघणार न्हाई.”

“बस खाली.”

बसले नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. सर्व्ह असंच वाचलं.

सरांनी शून्य दिलं. घेतलं.

रविवारी गावी गेले. टँकर येऊन गेला होता. आई घागर घेऊन निघाली. मी तिच्या हातातून घागर काढून घेतली, घरातला दोर-बादली उचलली.

“माय, आज मागायचं न्हाई. मी शेंदते.”

“मारतेल गं बाई.”

“मारू दे. वाढलेलं पाणी मी आता पिणार न्हाई.”