मामींनी राखेने घासलेल्या सीड्या

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून देईल असं घरी कोणी नाही, आणि सरांना दाखवायचं धाडस होत नाही. लिहावं की नको, असा बरेच दिवस विचार केला. पण ही हकीकत दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

माझ्या मामांची साउंड सर्व्हिस आहे. त्यांचं गाव मिरजगावपासून थोडं आत. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या तेव्हा आसपासच्या गावांत पहिला सीडी प्लेअर मामांनी आणला. पुण्याला कोणीही निघालं की मामा त्याच्याकडून सीड्या मागवायचे. लग्नाच्या, जागरण-गोंधळाच्या, कव्वालीच्या आणि सगळ्यात जास्त जयंतीच्या. दोन लोखंडी पेट्या काठोकाठ भरल्या होत्या.

गावातल्या बौद्ध वस्तीची चौदा एप्रिलची मिरवणूक मामांच्याच बॉक्सवर निघायची. मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी चौकात सगळं गाव बघत असताना ट्रॉली खड्ड्यात आदळली आणि गाणं एकाच शब्दावर अडकलं. मामा सीडी काढून, सदऱ्याला पुसून परत घालेपर्यंत पोरं तोच शब्द तोतरं बोलल्यासारखा ओरडायला लागली होती. पुढे वर्षभर मामा टपरीवर दिसले की कोणीतरी तो शब्द तसाच म्हणायचं. शेवटी जयंती कमिटीच्या बैठकीत ठरलं, यंदा मामांना एकदा संधी द्यायची. पुन्हा अडकलं तर पुढच्या वर्षीपासून श्रीगोंद्याची साउंड पार्टी. मामा बैठकीतून उठून आले आणि जेवले नाहीत. आपल्याच वस्तीच्या मिरवणुकीत दुसऱ्याचे बॉक्स वाजणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

मी तेव्हा नगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि संध्याकाळी एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मदतीला जायचो. मामांचा चेहरा बघून मी बोलून गेलो, "मामा, गाणी कॉम्प्युटरमधी उतरवून घेतली तर अडकायची न्हाईत."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यावर मामांनी नवा अॅम्प्लिफायर घ्यायचं रद्द केलं आणि त्या पैशांत आमच्या सेंटरमधला एक जुना कॉम्प्युटर घेऊन टेम्पोतून गावी नेला. मी तोवर एकही सीडी उतरवून पाहिलेली नव्हती.

दर शनिवारी मी एसटीने गावी जाऊ लागलो. उतरवायचं काम तसं अवघड नव्हतं. सीडी घालायची, गाणं निवडायचं आणि पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत वीज जाणार नाही ना, याकडे डोळे लावून बसायचं. अडचण जागेची होती. गाणी आहेत तशी, काही न गाळता ठेवली तर पुरी हार्डडिस्क सहा-सात सीड्यांतच भरणार होती. सेंटरमधल्या एका मित्राने सुचवलं की गाणी दाबून लहान कर, दसपट मावतील. मी एक तसं करून मामांच्या बॉक्सवर लावलं. मामांनी अर्धंच ऐकलं.

"हलगी पान्यात बुडवून वाजवल्यावानी वाटती रं. ह्यातलं काय काढलंस?"

"कानाला ऐकू येत न्हाई तेवढंच काढलंय, मामा."

"मला तर येतंय ऐकू. जे हाय ते समदं ऱ्हाऊ दे."

मग दाबायचा विचार सोडला. प्रत्येक सीडीतलं एखाद-दुसरं गाणंच घ्यायचं ठरलं. मामांना ते निवडताच येईना. एक बाजूला ठेवलं की दुसऱ्याचा पुळका यायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी अंगणात पाय टाकला आणि थबकलो. जयंती आली की आमच्याकडे दिवाळीसारखी साफसफाई निघते. भिंतींना चुना लागतो, गोधड्या धुतल्या जातात, डबे-भांडी राखेने घासून उन्हात पालथी पडतात. मामींनी कुरडया बाजेवर वाळत घातल्या होत्या. शेजारच्या बाजेवर, तशाच ओळीने, मामांच्या सीड्या वाळत होत्या. दोन्ही पेट्या रिकाम्या.

"लई धूळ बसली हुती," मामी कौतुकाने म्हणाल्या. "म्हनलं, समदं घर घासतीय तर ह्याबी घासून घ्याव्यात. बघा कशा लखलखत्यात, आरशावानी!"

मी एक सीडी उचलून उजेडात धरली. राखेचे गोल गोल ओरखडे पडले होते. मागून मामा आले. त्यांनी एक बघितली, दुसरी बघितली, दोन्ही परत बाजेवर ठेवल्या आणि ओट्यावर जाऊन बसले. मामींना कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आवं, बोला तरी काय!"

"काय बोलू? वरखड्यांस्नी हळद लावायची ऱ्हायलीय, तेवढी लाव."

मी त्या दिवशी एकेक सीडी लावून पाहिली. कॉम्प्युटर गुरगुरायचा, थांबायचा, आणि गाणं उतरलं तरी त्यात फुटाणे फुटल्यासारखा आवाज यायचा. सोमवारी नगरला सेंटरच्या सरांना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, वाचायचा वेग अगदी कमी कर. दुसरी, टूथपेस्ट घेऊन मऊ कापडाने घास, पण मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवशील तर उरलंसुरलंही जाईल.

पुढच्या शनिवारी मी पेस्टच्या ट्यूबा घेऊन गेलो. मामी जुन्या धोतराचं कापड काढून बसल्या. पण आयुष्यभर ताटं घासलेला हात, तो आपोआप गोल फिरायचा. दोनदा तसं झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि तसंच घासायला लागल्या, मधून कडेला, मधून कडेला. सुनेला शेवया करायला शिकवतात तशी स्वतःलाच पुटपुटत दटावत होत्या. शेजारची म्हातारी येऊन म्हणाली, "काय गं, सीड्यांचं दात घासतीस व्हय?" मामीच आधी हसल्या. इतक्या दिवसांत मामाही पहिल्यांदा हसले.

त्यांनी घासायच्या आणि मी अगदी सावकाश उतरवायच्या, असं चाललं. उतरलेलं प्रत्येक गाणं आम्ही तिघं शेवटपर्यंत ऐकायचो. फुटाणा ऐकू आला की सीडी परत मामींकडे. काही सीड्या गेल्याच, पण बहुतेकींतलं हवं ते गाणं निघालं. मामांची निवडही आपोआप झाली. जे वाचलं ते घेतलं.

एक काळजी उरली होती. हार्डडिस्कलाही धक्का चालत नाही, हे सरांनीच सांगितलं होतं. 'नक्की' मी म्हणालो होतो, म्हणून ते मामांना सांगून टाकलं. त्यावर मामांनी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब अर्धवट हवा भरून ट्रॉलीत टाकली, वर गोधडी, गोधडीवर कॉम्प्युटरचा डबा. मग ओढ्याकडच्या सगळ्यात वाईट रस्त्याने ट्रॅक्टर नेला. मी मॉनिटर कवटाळून बसलो होतो. डबा ट्यूबवर नुसता डुलत होता आणि गाणं चालू होतं.

पण मिरवणुकीला मी जाऊ शकत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा विद्यापीठाचा पेपर होता. मामांना जनरेटर आणि अॅम्प्लिफायर सोडता येत नव्हते. मग कॉम्प्युटरपाशी कोण?

"मी बसते की," मामी म्हणाल्या. "माझ्यामुळंच झालंय ना समदं." दोन शनिवार त्यांनी माउस हातात धरायची सवय केली. तो टेबलाच्या कडेला पोचला की म्हणायच्या, "आता जागा संपली की हो, भाचेबुवा."

चौदा तारखेला मी खोलीवर पुस्तक उघडून बसलो होतो. नगरातही मिरवणूक होती. रस्त्यावरून गाण्यांचा आवाज यायचा आणि मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन थेट खोलीखालच्या एसटीडी बूथवर येऊन बसलो. गावी फोन टपरीशेजारीच होता, तिथून मामा करणार होते. दुपार झाली. बूथवाला म्हणाला, "येईल रे, बस." आणि घंटा वाजली.

"हॅलो, भाचेबुवा? मी मामी. तुमच्या मामांचा घसा बसलाय वरडून वरडून, म्हनून मला धरून आणलंय. पेपर कसा गेला?"

"बरा गेला. मामी, गाणं?"

"आधी ऐका तर. चौकात चाक गटारीत गेलं. ट्रॉली अशी कलंडली की तो डबा माझ्या मांडीवरच आला. मी मिठीच मारली. पोरं वरडायला टपलीच हुती, पर वरडायचं काय? गाणं चालूच! मग त्याच गान्यावर नाचली मेली."

"मग?"

"मग काय. सकाळी कमिटीवाले घरी येऊन, चहा पिऊन गेले. पुढच्या सालीबी आपलेच बॉक्स."