चिपाडं वाळली नाहीत ते वर्ष

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तोही धडपडतच. ऊन, धूर, हवामान असल्या मोठ्या गोष्टींवर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा. पण आप्पांवरचा आळ अजून तसाच आहे, म्हणून लिहितो.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या एका गुऱ्हाळावर ते जळव्या होते. रस काढून उरलेली उसाची चिपाडं रानात पसरायची, उलथीपालथी करत उन्हात वाळवायची, मग तीच चुलवाणात घालून रस उकळायच्या काहिलीखालचा जाळ सांभाळायचा, हे त्यांचं काम. आसपासच्या गावांत त्यांच्या जाळाला नाव होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. त्या हंगामात ओढ्याकाठी नवी गुऱ्हाळं उभी राहिली. थंडीत सगळ्यांचा काळा धूर थोडा वर जाई आणि तिथंच आडवा पसरे. सुट्टीला गेलो तर दुपार झाली तरी धुकं हटलेलं नव्हतं. सूर्य न घासलेल्या तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता. आईनं सकाळी वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी दमटच, आणि त्यावर काजळीचे ठिपके.

चिपाडंही वाळेनात. ओली घातली की जाळ मंद आणि धूर जास्त. धूर जास्त की ऊन कमी. गूळ काळपट पडू लागला, ढेप धरेना. मालकानं सगळ्यांसमोर आप्पांना विचारलं, "पोरगं कालेजात गेलं आन् तुझ्या अंगात सायेब शिरला व्हय रं?"

माणसं हसली. दुसऱ्या दिवसापासून आप्पा पहाटेच रानात जाऊन चिपाडं पसरू लागले. न आलेल्या उन्हासाठी.

मला एवढंच कळत होतं की धूर आणि ऊन यांचा काहीतरी संबंध आहे. कॉलेज सुरू झाल्यावर धीर करून भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं, की जमिनीवर न पोचलेलं ऊन जातं कुठं? धुरात राहतं का? सर टिळकवाडीत, बेळगावच्या सुखवस्तू भागात राहायचे, स्वच्छ पांढरा शर्ट घालायचे. म्हणाले, सूर्य केवढा, तुमच्या गावचा धूर केवढा. हे पोर्शनमध्ये नाही, खाली बसा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, गुऱ्हाळाचा धूर ह्याच्याच डोक्यात गेलाय." सरही हसले. मी खाली बसलो. आज वाटतं, बसायला नको होतं.

संक्रांतीआधी मालकानं आप्पांना काढलं. कामचुकार म्हणून. पुढे समजलं, ओढ्याकाठच्या आणखी दोन-तीन गुऱ्हाळांवरूनही जळवे काढले होते. सगळीकडेच चिपाडं ओली, सगळीकडेच गूळ काळा, आणि प्रत्येक मालकाला फक्त आपलाच जळव्या आळशी वाटत होता. मान वर करून आभाळाकडे बघावं असं एकालाही वाटलं नाही.

आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत लागले. माझं शिक्षण मधे थांबलं, पुन्हा सुरू झालं. घरात विषय निघाला की ते आईला म्हणत, "माझा जाळावरचा हात गेला गं." याचा मला जास्त राग येई. मालक बोलला ते बोलला, पण आप्पांनाही ते पटलं होतं.

एम.एस्सी.ला असताना वाचनालयात एक लेख हाती आला. अणुयुद्ध झालं आणि मोठ्या देशांची शहरं पेटली तर काय होईल, असा त्याचा विषय. त्यात लिहिलं होतं की काजळीचा कण ऊन गिळतो. मग तो स्वतः तापतो, भोवतालची हवा तापवतो. वर हवा गरम, खाली जमीन अंधारलेली आणि गार. अशा वेळी खालची हवा वर उचलली जात नाही, म्हणून खालचा धूर तिथंच कोंडतो. असे धूर पुरेसे जमले तर मुलुखांचं हवामान बदलेल, पाऊस आणि पिकं चुकतील, अशी शास्त्रज्ञांना भीती होती.

मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला आणि मला संताप आला. आपली शहरं जळतील या भीतीनं ज्यांना काजळी दिसली, त्यांनी आमच्या ओढ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आणि ज्यांनी बघायचं ते टिळकवाडीत राहत होते.

त्याच रविवारी बसनं निपाणीला गेलो. आप्पा उंबऱ्यात बसले होते, बोटं तंबाखूनं पिवळी. जमेल तसं समजावून सांगितलं. की त्या वर्षी ऊन वरच अडत होतं, सगळ्या चुलवाणांच्या धुरानं ते गिळलं होतं, आणि तसं आता मोठमोठे शास्त्रज्ञ लिहितात.

त्यांनी आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "मालकाला कळलं का ह्ये?"