कसाल ते मालवण, मुकादम मार्गे

रस्ते माणसांना कुठेतरी पोचवण्यासाठी बांधतात, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. कसाल-मालवण हा रस्ता मात्र माझ्या थोरल्या भावाच्या सासऱ्यांना बोलायला विषय हवा म्हणूनच बांधलेला आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. हमरस्ता सोडून कसालला वळलं, की सुकळवाड, कट्टा, चौके, कुंभारमाठ करत हा रस्ता मालवणच्या समुद्राशी जाऊन थांबतो. गाडीनं तासाभराचं काम. दादाचे सासरे हाच प्रवास तोंडानं करायला लागले, की सकाळच्या चहाला कसाल सोडतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत कसेबसे चौक्यात येतात. त्यांच्या तोंडून मालवण मी अजून पाहिलेलं नाही.

या रस्त्यावर ते मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. मैलकुली म्हणजे नेमून दिलेल्या रस्त्याचे खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, कडेचं गवत कापायचं, असा माणूस. सगळा गाव त्यांना अजून मुकादमच म्हणतो. ते निवृत्त झाले हे खात्याचं म्हणणं. त्यांनी स्वतः ते कधी मनावर घेतलेलं नाही. लग्नाला निघाले तरी पिशवीत आहेराशेजारी एक आखूड दांड्याचं फावडं असतं. एकदा आम्ही सगळे एसटीनं मालवणला साखरपुड्याला चाललो होतो. मध्येच यांनी खिडकीतून रस्त्याखालची मोरी तुंबलेली पाहिली आणि ड्रायव्हरला हाक मारून गाडी थांबवली. धोतर सावरून खाली उतरले, पाचोळा ओढून काढला, पाणी खळाळून वाहताना बघितलं आणि मगच वर चढले. कंडक्टरनं त्यांना हात देऊन वर घेतलं, तेव्हा ते सगळ्या प्रवाशांना उद्देशून म्हणाले, "रस्त्याचो वैरी गाडी नाय, पाणी. पाण्याक वाट दिल्यार पाणी तुमका वाट देता." साखरपुड्यात नवरदेवाच्या काकांनी यांचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला, ते त्या चिखलामुळे.

दादाचं लग्न जमलं तेही रस्त्याच्याच कृपेनं, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे. नांदगावहून आम्ही जीप करून मुलगी बघायला गेलो. पोहे आले, मुलगी आली, पत्रिकेचं बोलणं झालं. मग मुकादमांनी दादाला त्यांच्या दृष्टीनं मुद्द्याचा एकमेव प्रश्न विचारला. "पावण्यानु, कसालापासून येताना वळणां किती लागली?"

दादा सरळ माणूस. तो म्हणाला, "मला झोप लागली होती."

मुकादमांचा चेहरा उतरला. आतल्या दाराकडे तोंड करून ते बायकोला म्हणाले, "गो, जो माणूस रस्त्यार झोपता, तेका चेडू कसा देवचा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तोवर एका कोपऱ्यात लिंबू हुंगत बसलो होतो, कारण मला लहानपणापासून गाडी लागते. आईची नजर पाहून मी म्हटलं, "वळणं मी मोजली नाहीत, पण शेवटून तिसऱ्या वळणावर मी ओकलो. एक टेंब आहे, म्हणजे छोटी टेकडी, त्याला वळसा घालून रस्ता जातो. कडेला दगडी विहीर आहे, पुढे मोरी आहे. त्या मोरीच्या कठड्याला धरून."

मुकादम ताडकन उठले. "टेंबाकडचां वळाण! मोरीच्या खंयच्या बाजून?"

"विहिरीच्या."

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ हसणं. वहिनीची आई तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "पी रे झिला. त्या वळणार सगळ्यांकच कायतरी होता." मुकादमांनी माझ्या पाठीवर थाप मारून जाहीर केलं, की या घरात एकाला तरी रस्ता कळतो, तेव्हा मुलगी द्यायला हरकत नाही. दादा आजही बायकोशी भांडला की मला दोष देतो.

त्यांच्या शरीरातूनही हाच रस्ता जातो. डोकं म्हणजे कसाल आणि तळपाय म्हणजे मालवण. एकदा पोटात दुखायला लागलं म्हणून मी त्यांना कट्ट्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?" हे म्हणाले, "सुकळवाडाक जळजळता, आणि कट्ट्यार सकाळपासून चक्काजाम." मी खुलासा करायला पुढे सरकलो. पण डॉक्टर याच भागातला. त्यानं पोट दाबून पाहिलं, गोळ्या लिहिल्या आणि गंभीरपणे विचारलं, "आणि चौक्याक काय त्रास?" मुकादमांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "थय जुनोच खड्डो आसा. तो ऱ्हवांदे."

रस्त्याचा इतिहास त्यांच्याकडून ऐकावा. कुठल्या राजानं बांधला, कुठल्या साहेबानं मोजला, यात त्यांना गोडी नाही. ते म्हणतात, हा रस्ता मासेवाल्या बायांनी केला. डोक्यावर खाऱ्या बांगड्यांची पाटी घेऊन त्या पहाटे मालवणहून निघायच्या, वरच्या गावांत मासळी देऊन भात घ्यायच्या आणि परत समुद्राकडे उतरायच्या. कुठे चढ कमी, कुठे सावली, कुठे पाणी, हे त्यांच्या पायांनी शोधलं. त्या पायवाटेची झाली गाडीवाट, गाडीवाटेवर पडली खडी, खडीवर डांबर. "सायबान दुर्बिणीतून बघल्यान ती बायांची वाटच," हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे कारण आहे. इथे कुणाचा फणस आड आला, इथे दोन भावांनी बांध सोडला नाही, इथे ओहोळ आडवा होता. फक्त टेंबाकडचं वळण आलं, की हा बोलका माणूस "ह्यां देवाचां वळाण" एवढंच म्हणून पुढे सरकायचा.

वहिनीची आई जवळ असली, तर ती हे सोडायची नाही. तिचं माहेर त्याच वळणावर. रस्ता होत होता तेव्हा कामावरच्या माणसांना विहिरीचं पाणी काढून द्यायचं काम तिच्याकडे होतं आणि एका तरुण मैलकुलीला इतरांपेक्षा जरा जास्तच तहान लागत असे. "देवाचां कसलां!" ती म्हणायची. "देव खंय माझ्या हातचां पाणी पिवक इल्लो?" मग मुकादम लाजून फावड्याची धार बघत बसायचे. दोन पावसाळ्यांपूर्वी ती गेली. मला ती फार आवडायची. तेव्हापासून मुकादम रोज सकाळी त्या वळणापर्यंत चालत जातात आणि मोरी साफ करून येतात.

आणि गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. घाटावरचा एक तरुण इंजिनियर आला. त्यानं टेंबाकडे उभं राहून कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "हे वळण इथे का आहे? समुद्राच्या बाजूनं रस्ता सरळ जाऊ शकत होता." गावानं त्याला समजावलं, की हे देवानं दिलेलं वळण आहे. रस्ता करायच्या वेळी टेंबाच्या कुठल्या बाजूनं न्यायचा यावर गावात दोन तट पडले, तेव्हा देवाला कौल लावला होता. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. पाकळी पडेल ती बाजू देवाची. उजवी पडली तर समुद्राकडून, डावी पडली तर डोंगराकडून, असं ठरलं होतं. रस्ता डोंगराकडून गेला. आता तो सरळ करायचा तर देवालाच विचारायला हवं.

मुकादमांनी हे सगळं मला फोनवर अर्धा तास हसत हसत सांगितलं. वळण वाचणार याची त्यांना खात्रीच होती. देवानं दिलेलं काढायला देव कशाला सांगेल?

पुढच्याच आठवड्यात त्या वळणावर एक रिक्षा उलटली. आत मासेवाली होती. बांगडे रस्ताभर पसरले आणि तिचा हात मोडला. मुकादम तिला बघून आले आणि नंतर चार दिवस रस्त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. माहेरी आलेल्या वहिनीनं घाबरून आम्हाला बोलावून घेतलं. मी गेलो तर ते ओटीवर बसले होते. मी मुद्दाम कसालपासून सुरुवात करून दिली, तर म्हणाले, "रस्तो जेंच्या पायांनी झालो, तेंच्यातल्याच एका बाईचो हात मोडलो रे."

कौलाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. इंजिनियर चपला हातात धरून खांबाशी उभा होता. गाऱ्हाणं घालायचा मान मुकादमांच्या घराण्याकडे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावातर्फे देवाला मोठ्यानं सांगायचं, आणि दर वाक्याला गावानं एका सुरात होकार भरायचा. मुकादमांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, आज सगळो गाव तुझ्या पायाकडे उभो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"टेंबाकडचां वळाण ठेवचां की सरळ करूचां, तां तू सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण तेच्या आधी माका एक सांगूचां आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तां वळाण तू देवक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू उजवो कौल दिलंस, आणि मी येड्यान डावो धरलंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला, आणि मग आपण कशाला होकार भरला हे हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली.

झालं होतं ते असं. मुकादम तेव्हा विशीतले. कौलाच्या वेळी देवासमोर उभे होते. पाकळी पडली ती यांच्या डाव्या हाताला. डावी म्हणजे डोंगराकडून, असं धरून, गुरवानं तोंड उघडायच्या आत हे फक्कीचं घमेलं उचलून पळाले आणि रस्त्याची पांढरी रेघ मारून मोकळे झाले. देव आपल्याकडे तोंड करून बसतो, तेव्हा आपली डावी ती त्याची उजवी, हे त्यांच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी, खडी पडायला लागल्यावर. गुरवाला वाटलं, देवानं पोराला स्वप्नात वेगळं सांगितलं असेल. बाकीच्यांना वाटलं, गुरवाला माहीत असेल. देवाच्या कामात डोकं चालवायचं नाही, या चांगल्या सवयीपायी रस्ता टेंबाला वळसा घालून गेला.

मुकादम अजून हात जोडूनच उभे होते. त्यांचा आवाज आता गाऱ्हाण्याचा राहिला नव्हता. "चूक दुसऱ्याच दिवशी कळली होती. पण त्या दिवशी विहिरीर माका पाणी गावला. मगे बायल गावली. सांगलंय असतंय तर रस्तो हलतो, आणि मी थय कसो जातंय असतंय? म्हणान गप रवलंय. गेल्या साली बायल गेली, तरी गप रवलंय. आता बाईचो हात मोडलो. माका माफ कर रे म्हाराजा."

कुणी होकार भरला नाही. माझ्या शेजारी वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. मग मागून, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली मासेवाली खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

त्यावर अख्ख्या गावानं दिलेला होकार मालवणच्या बंदरापर्यंत ऐकू गेला असेल. काही डोळे पुसत होते, बरेच जण हसत होते, आणि मी दोन्ही करत होतो. मग नव्यानं कौल लावला. पाकळी पडली. या वेळी गुरवानं खात्रीसाठी देवाच्या उजव्या खांद्याला हात लावून दाखवला आणि मुकादमांनी स्वतः पुढे होऊन तो तपासला.

रस्ता सरळ झाला. समुद्राच्या बाजूनं, देवानं सांगितला होता तसा, फक्त पन्नास वर्षं उशिरा. नव्या रस्त्याची पहिली रेघ मारायला इंजिनियरनं मुकादमांच्याच हातात फक्कीचं घमेलं दिलं, आणि रेघ मारण्याआधी मुकादमांनी त्याला हात करून तीनदा विचारलं, "समुद्र हयसर मां?" आता तिथून गाडी कधी गेली हे कळतसुद्धा नाही. मला ओकारी येत नाही. लिंबू घरीच राहतं.

गेल्या महिन्यात मी दादाच्या सासुरवाडीला जाताना टेंबाशी गाडी बाजूला लावली. वळणाचा जुना तुकडा तसाच पडून आहे. डांबरातून गवत वर आलंय. मोरीत वाकून मुकादम पाचोळा ओढत होते.

"काका, हा रस्ता बंद झाला ना? इथे आता कोण येणार?"

"पाणी येतला मरे," ते मान वर न करता म्हणाले. "पाण्याक खंय म्हायत आसा, रस्तो बंद झालो तां?"

मोरी मोकळी झाल्यावर त्यांनी हात धुतले, विहिरीचं पाणी काढलं आणि मला ओंजळ पुढे करायला लावली. पाणी फार गार होतं. आम्ही दोघं कठड्यावर बसलो, मी ओकलो होतो त्याच बाजूला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कसालापासून वळणां किती लागली?"

या वेळी मी मोजली होती. म्हटलं, "पहिल्यापेक्षा एक कमी."

त्यांनी मान हलवली आणि बसल्या कठड्यावर थाप मारली. "नाय रे. तू हयसर इलंस मां? मगे पुरी झाली."