बोंबलाच्या बर्फातले जीवाणू

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या पालघरच्या कॉलेजातला लॅबचा फ्रीज बघा ना! भाताच्या मुळांवर राहून पिकाला मदत करणारे जीवाणू आम्ही काचेच्या नळ्यांत वाढवून त्यात ठेवतो. एक नळी शोधायला जावं तर मागून तीन निघतात, आणि प्रत्येकीचा एक किस्सा. मी तिथली लॅब असिस्टंट, सावे मॅडम प्रमुख. बाकी स्टाफ म्हणजे तो फ्रीज!

*

पहिला किस्सा माझ्याच मूर्खपणाचा. डोंगराकडच्या रमीबाईंच्या शेतातून मॅडमनी भाताची रोपं मुळासकट आणली आणि मला म्हणाल्या, "नीट तयार करून ठेव."

आमच्या घरी पालेभाजी तीन पाण्यांतून काढतात. मी मुळं नळाखाली धरून अशी चोळली की पांढरीशुभ्र! मॅडम बघतच राहिल्या.

"अगं, मुळाला चिकटलेल्या मातीतच तर ते होते! सगळे गटारात पोचवलेस!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रमीबाईंच्या दारात. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काल नेली ती खाल्ली काय?"

*

एकदा लाइट गेली ती दुपार झाली तरी येईना. फ्रीज कोमट व्हायला लागला. मी रिक्षा करून थेट मासळी बाजार गाठला. शिरगावच्या मावशींकडे बर्फ मागितला तर त्या म्हणाल्या, "बोंबील नाय घेत, मग बर्फ कशाला गो?"

शेवटी बोंबीलही घेतले. नळ्या वाचल्या, पण लॅबला आठवडाभर वास. प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले. "मॅडम, हे जीवाणू इतके घाण मारतात?"

"छे हो सर," मॅडम म्हणाल्या, "ते शुद्ध शाकाहारी आहेत!"

*

मग बोईसरहून एक सेल्समन आला. जीवाणू खताची पाकिटं विकणारा. टेबलावर आमचे डीएनएचे फोटो पडलेले. रमीबाईंच्या एकाच वाफ्यातले जीवाणू, पण फोटोतल्या रेघा जुळत नव्हत्या, म्हणजे प्रत्येकाची जात वेगळी. केळव्याच्या खारट जमिनीतले तर त्याहून वेगळे.

तो हसला. "मॅडम, इतके प्रकार कशाला? एक नंबर वन निवडा, बाकीचे फेका."

"तुमच्या कंपनीत एकच नंबर वन माणूस ठेवलाय का?"

पाकिटं उचलून गेला बिचारा!

*

पण तेच बोलणं पुढे कॉलेजच्या कमिटीकडून लेखी आलं. कॉम्प्युटरसाठी खोली हवी, सबब एक उत्तम नळी ठेवून उरलेल्या नष्ट कराव्यात. नष्ट करायच्या म्हणजे लॅबच्या मोठ्या कुकरात शिजवायच्या. वाचून मला रडूच आलं. इतक्या वर्षांची मेहनत, आणि एका कागदावर संपली!

मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी कुकरच्या झाकणाची रबरी रिंग काढली आणि पर्समध्ये टाकली.

"विचारलं तर सांग, रिंग मिळत नाही."

*

रिंगवर दोन महिने निघाले. मग कमिटीचे मोठे साहेबच आले. नेमक्या त्याच दिवशी रमीबाई मुळं घेऊन आलेल्या, मातीसकट, फडक्यात गुंडाळून. त्या दारापाशी बसल्या.

साहेबांनी फ्रीज उघडला. "सगळ्या सारख्याच तर दिसतात! यातली कामाची कोणती, तेवढं सांगा. बाकीच्या आज माझ्यासमोर शिजवा."

मॅडमनी पर्स घट्ट धरली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रमीबाई उठल्या.

"सायेब, माज्या घरात सात जातीचा भात हाय. सगला सारकाच दिसते."

"बरं, मग?"

"औंदा पाऊस लवकर येल का उशिरा, तेवढा सांगा. एक जात ठेवते, बाकीचा बियाना आजच शिजवते."

साहेबांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं.

"सांगा ना सायेब," रमीबाई म्हणाल्या, "चूल पेटवायची हाय."