पहाटेची ब्राह्मी

वहिनीची नात डॉक्टरीला आहे. झोपेतही म्हणे मेंदूत लाटा उठत असतात आणि दिवसभर पाठ केलेलं तो तेव्हाच नीट बसवून ठेवतो, असं तिनं परवा मला समजावलं. मी म्हटलं, बये, हे माझ्या आईला सांगायला कुणी का आलं नाही?

नवरा गेल्यावर मी सोलापूरला माहेरी आले आणि भावानं मला मराठी फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बसवलं. पास झाले तर मास्तरीण, नापास झाले तर परत सासरी, जन्मभर त्यांच्या चुलीपुढे. मग आईनं माझ्या स्मरणशक्तीचा ध्यासच घेतला. पहाटे तीनला उठवून ब्राह्मीचा काढा, टाळूवर तेल, लगेच पाठांतर. दुपारी जरा डोळा लागला की तोंडावर पाण्याचा हात. चार महिन्यांत डोकं पार रिकामं झालं. जिल्ह्याचे तेव्हाचे सात तालुके सांगताना माळशिरस आठवेना, आणि ते तर वहिनीचं माहेर! आई म्हणाली, ब्राह्मी कमी पडतेय. दुसऱ्या दिवसापासून अडीचला उठवायला लागली. कपाळ माझं!

वहिनीला दिवस गेले होते, म्हणून तिला मात्र कुणी उठवत नसे. ती ढाराढूर झोपे. मला तिचा हेवा वाटे, रागही येई.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि तिनं आतून कडी लावली. बाहेर आई माझं पाठांतर ऐकत बसली होती.

"वन्सं, तुमी झोपा की. मी म्हनते तुमच्या वाटचं."

"तुला काय येतंय?" मी चिडून म्हणाले.

तिनं सुरुवात केली. नद्या, तालुके, कविता, सगळं, कुठंही न अडखळता. तिला अक्षरओळखही नव्हती. भाकऱ्या थापता थापता माझं ऐकलं होतं, तेवढंच. ऐकता ऐकता मला झोप लागली, ती दिवेलागणीलाच मोडली. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळं आठवलं, माळशिरससुद्धा.

मी पास झाले. आईनं ब्राह्मीच्या कुंडीला हळदकुंकू वाहिलं. हसावं का रडावं कळेना.

पुढं तीस वर्षं मी लोकांच्या मुली शिकवल्या. वहिनीला, पाटी घेऊन बस, असं एकदाही म्हणाले नाही. ती शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिली. आता स्वतःचीच चीड येते. विसरले म्हणावं, तर त्या तीस वर्षांत मी रोज रात्री पोटभर झोपत होते.