जोडीचे गुण

जाधव मॅडम वर्गात आल्या की हजेरीच्या आधी जोड्या लावायच्या. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एकाने प्रयोग घ्यायचा, दुसऱ्याने द्यायचा, हे सगळीकडेच असतं. पण ठाण्याच्या आमच्या कॉलेजात मॅडम दोघांना मिळून एकच गुण द्यायच्या. माझी जोडी कळव्याच्या संतोषशी लागली. हा गडी साध्या सूचना वाचतानाही अडखळायचा. मी तणतणत मॅडमकडे गेले.

"मॅडम, त्याच्यामुळे माझे मार्क्स जातायत!"

"मग त्याला शिकव. माझ्याकडे काय आलीस? जोडीत एकटं कुणी नापास होत नाही, बाई."

शिकवलं मग, दात-ओठ खात. पुढे संख्याशास्त्रात त्यानेच मला तारलं.

त्यांचा दुसरा नियम जास्त जाचक होता. स्मरणाच्या प्रयोगात समोरचा शब्द विसरला तर सुचवायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. "दया येते? येऊ दे. पण तोंड बंद. त्याचं विसरणंही त्याचंच आहे, ते झाकायचं नाही."

नंतर मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागले. अलीकडे त्या एकाच वर्गाला तोच धडा पुन्हा शिकवून यायच्या. मग एका दुपारी नौपाड्यात, स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी, घर कुठे म्हणून विचारताना दिसल्या. त्या एकट्या राहायच्या. नागपूरहून त्यांचा भाचा आला. म्हणाला, "डॉक्टरांकडची स्मरणाची टेस्ट बरी आली तर मावशी इथेच राहील. नाहीतर मी घेऊन जातो."

मॅडमनी माझा हात घट्ट धरला. "तू चल गं. जोडी लागते."

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते शब्द परत मागितले. मॅडमनी दोन सांगितले. तिसरा आठवेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तिसरा शब्द 'झोपाळा' होता. एका शब्दाने काय होणार होतं, देव जाणे. पण त्यांचं घर डोळ्यांदेखत जात होतं आणि मला गप्प बसवेना. माझे ओठ हलले.

मॅडमनी हळूच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. भाचा जरा लांब उभा राहून फोनवर नागपूरच्या तिकिटांचं बघत होता.

"आपल्याला किती पडले गं?" मॅडमनी विचारलं.

"नापास झालो, मॅडम."