सिनेमात नसलेल्या सात ओळी

एका गुरुवारी दुपारी, डाव्या हातात चहाचा कप धरून, मी एका माणसाचं अडीच वर्षांचं काम चार सेकंदांत पुसून टाकलं. वर त्याच माणसाने पुढे केलेलं बिस्किट चहात बुडवत म्हणालो, "घ्या काका, झाली जागा!"

आमच्या इमारतीत मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक गैरसमज आहे. कधीकाळी एका शेजाऱ्याचा रुसलेला प्रिंटर मी प्लग काढून परत लावून चालू केला होता. तेवढ्या भांडवलावर गेली सहा वर्षं मिरवतो आहे. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकांनी "कॉम्प्युटर भरलाय, नवा सिनेमा मावत नाही" म्हणून बोलावलं, तेव्हा मी बाह्या सरसावूनच गेलो. बघतो तर प्रत्येक सिनेमाखाली त्याच नावाची आणखी एक चिमुकली फाइल. अकरा सिनेमे आणि अकरा पिल्लं. मला वाटलं, कचरा. सगळी एकदम निवडली, उडवली, आणि काम अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे टोपलीही रिकामी केली. अकरा फाइली गेल्या तरी जागा एका फोटोएवढीसुद्धा वाढली नाही, तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी काकांचे जुने फोटो दुसरीकडे हलवले आणि मोकळ्या जागेत नवा सिनेमा उतरवूनही ठेवला.

काका चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ आले.

"ओळी कुठायत?"

"कसल्या ओळी?"

काका खुर्चीवर बसले, आणि सिनेमांच्या यादीकडे नुसते पाहत राहिले. माझं बिस्किट चहात तुटून तळाशी गेलं.

हे काका छत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. वकील बोलणार, साक्षीदार बोलणार, न्यायाधीश बोलणार आणि हे खाली मान घालून शिसपेन्सिलीने ते आकडे-रेघोट्यांत टिपणार, मग टंकयंत्रावर उतरवणार. इमारतीत त्यांना सगळे 'शब्दशः' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. एकदा एका न्यायाधीशाने रागाच्या भरात साक्षीदाराला काहीबाही सुनावलं आणि मग म्हणाला, ते लिहू नका. काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "लिहून झालंय." बस. ते वाक्य आजही त्या कागदांत असेल.

घरातही तोच खाक्या. जिन्यात भेटले आणि "काकू कशा आहेत?" विचारलं तर "बऱ्या आहेत" एवढ्यावर सुटका नसे. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी म्हणाली, 'कंबर दुखते.' मग थांबली. मग म्हणाली, 'फार नाही.'" एवढं सगळं ऐकून मगच कामावर जायचं.

तीन वर्षांपूर्वी काकूंना एक मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कानांतलं ऐकू येणं घेऊन गेला. काकांनी खिशात एक छोटी वही ठेवायला सुरुवात केली. 'चहा झाला का', 'दूधवाला येऊन गेला', 'मुलीचा फोन होता', सगळं लेखी. महिनाभर काकूंनी सोसलं. मग एक दिवस वही हातातून घेऊन कपाटावर फेकली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा टिपेच्या आवाजात म्हणाल्या, "मी बायको आहे तुमची! रोज उठून नोटिसा काय बजावताय मला?"

ओठांवरून त्यांना पुष्कळसं कळतं. माझं कळतं, भाजीवालीचं कळतं, फक्त नवऱ्याचं कळत नाही. "यांचे ओठ हलतील तर शपथ! छत्तीस वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस." शिवाय त्यांच्याकडे आणखी एक हुकमी हत्यार होतं. एखादी गोष्ट ऐकायची नसली की त्या डोळे मिटत. आपण कानांवर हात ठेवतो ना, तसं. डोळे मिटले की पलीकडचा माणूस संपलाच.

उघडे राहायचे ते सिनेमासमोर.

मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली तेव्हा आपला गेम खेळायचा डबा बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली ठेवून गेली होती. एका सुट्टीत तिनेच जुळवून दिलं. सिनेमे आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, तिथून ते घरातल्या वाय-फायवरून डब्यात, डब्यातून टीव्हीवर. कॉम्प्युटरचा पंखा घरघर करतो म्हणून तो आत. काकूंना ती घरघर ऐकू येत नाही, हे काकांच्या लक्षात यायला आठवडा लागला, पण तोवर त्यांची आत बसायची सवय झाली होती.

सिनेमे त्यांच्या तरुणपणातले होते. त्यांवर खाली अक्षरं कुठली असणार? म्हणून काका स्वतः लिहू लागले. आधी सिनेमा ऐकून वहीत लघुलेखन, मग कॉम्प्युटरवर एकेक ओळ, ती कोणत्या सेकंदाला उगवायची आणि कोणत्या सेकंदाला मावळायची यासकट. डब्याची एक अट होती. ओळींच्या फाइलचं नाव सिनेमाच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, एक टिंब इकडचं तिकडे झालं की ओळी दिसायच्या नाहीत. माझ्यासारख्याने त्या डब्याला शिव्या दिल्या असत्या. काका म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. आमच्याच खात्यातला दिसतो."

आणि लिहायचे ते सगळंच. '(खोकतो.)' '(उत्तर देत नाही.)' '(दार आपटते.)' एकदा पडद्यावर '(घड्याळाची टिकटिक.)' असं उमटलं, तर काकूंनी आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे वळून पाहिलं आणि कितीतरी वेळ तिकडेच पाहत राहिल्या.

ही होती माझी अकरा पिल्लं.

"काका, परत लिहू," मी म्हणालो. "वह्या आहेत ना तुमच्याकडे? मी मदत करतो. एकेक करून वर्षभरात—"

"एकच हवाय. रविवारी तीनच्या आत."

"रविवारीच का?"

काका नेहमीच्या चालीत, एकेक वाक्य खाली ठेवत म्हणाले, "बुधवारी सकाळी सातला मला दाखल व्हायचंय. छाती उघडणार आहेत. हे तुम्हाला माहीत आहे."

ते इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"तिला माहीत नाही. तीनदा लिहून दाखवलं. 'डॉक्टर' एवढं वाचलं की डोळे मिटते. मुलगी मंगळवारी येतेय. म्हणाली, 'बाबा, मी यायच्या आत तुम्ही आईला सांगितलं नाहीत तर मी सांगेन.' मला ते तिला मुलीकडून कळायला नकोय. त्या एका सिनेमात मी लिहून ठेवलं होतं. रविवारी तोच लावणार होतो."

मी मान खाली घातली. धरणीने दुभंगून पोटात घ्यावं असं माणसाला कधी वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला तिथूनच फोन केला. तो म्हणाला, "पुसलेलं निघालं असतं हो, पण त्याच्यावर तुम्ही नवा सिनेमा नेऊन झोपवलात." फोनवर तो हसला. त्याचं काही चुकलं नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. काका वहीतून वाचून टंकत, मी सिनेमा थांबवत-चालवत वेळ सांगे. "बावीस मिनिटं, चौदा सेकंद." "सुरू की शेवट?" "सुरू." "शेवट?" "सतरा." काकू अधूनमधून डोकावून म्हणत, "काय दोघं शाळेतल्या पोरांसारखे चिकटलात? आणि हा का घरी बसलाय? नोकरी गेली वाटतं!" मी ओठ मोठे करून 'रजा' म्हणालो. "बायकोने घालवलं असेल," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने निघून गेल्या.

काका दर अर्ध्या तासाने थांबत. छातीवर हात ठेवत नसत, नुसते टेबलाची कड धरून बसत. मग पुढची ओळ.

शनिवारी संध्याकाळी आम्ही सहाशे बाराव्या ओळीवर पोचलो. त्या सिनेमात एक जागा आहे. नवरा दूर कामाला निघालाय. पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतो, बायको मागे दारात उभी. दीड मिनिट कोणी कोणाशी बोलत नाही. वहीत त्या जागी काकांनी एकच शब्द टिपला होता: शांतता.

"तुम्ही चहा टाका," काका म्हणाले.

"आत्ताच तर झाला."

"परत टाका."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पाणी उकळत ठेवलं. परत आलो तेव्हा पडद्यावर नायक चालू लागला होता आणि काका सहाशे विसाव्या ओळीवर होते.

रविवारी तीनला खेळ सुरू झाला. काकू त्यांच्या खुर्चीत, शेजारी काका, हातात तो गेमचा कंट्रोलर तापलेली कढई धरावी तसा दोन्ही हातांनी धरलेला. मी आत कॉम्प्युटरपाशी पहाऱ्यावर. त्या कॉम्प्युटरला कोणी बोट लावलं नाही तर वीस मिनिटांनी झोप लागे, आणि तो झोपला की बाहेर सिनेमा बंद. माझं काम एवढंच: अधूनमधून माउस हलवायचा. दाराच्या फटीतून टीव्ही आणि बाजूने दोघांचे चेहरे दिसत होते. मी ओळी वाचत राहिलो. एकेका ओळीला 'ही मी सांगितली, बावीस चौदा' असं मनात म्हणत राहिलो, आणि त्या कौतुकात माउस विसरलो.

नायक पायरीवर बसला आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं.

"झोपला वाटतं तुमचा तो आतला!" काकू ओरडल्या. कॉम्प्युटरला म्हणाल्या की मला, ते मी विचारलं नाही. धडपडत त्याला जागं केलं. बाहेर काका डब्याच्या यादीत परत शिरून सिनेमा शोधत होते, पुढे ढकलत होते, जागा चुकत होती. आणि या सगळ्याला कंटाळून काकूंनी डोळे मिटले.

सिनेमा सुरू झाला. पायरी, बूट, नाडी. पहिली ओळ उगवली आणि मावळली. दुसरीही. काकूंचे डोळे मिटलेलेच. मी दारात उभा राहून नुसता माझा हात चावत होतो.

काकांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. काकूंच्या मनगटावर दोन बोटं दोनदा टेकवली, टंकयंत्रावर टेकवावीत तशी. काकूंनी डोळे उघडले. ज्या माणसाने जन्मात कोणाला वाक्य परत म्हणायला लावलं नव्हतं, त्याने सिनेमा मागे घेतला.

नायक पुन्हा पायरीवर बसला. खाली ओळी आल्या.

'बुधवारी सकाळी मला इस्पितळात जायचं आहे.'

'छातीचं ऑपरेशन आहे.'

'शंभरातले नव्वद बरे होतात म्हणाले. दहांचं मी विचारलं नाही.'

'दूध उतू जाताना तुला आवाज येत नाही. तिथून हलत जाऊ नकोस.'

'रात्री गॅस मी उठून पाहतो. आता तू पाहा.'

'तुला ऐकू येत होतं तेव्हा मी फार बोललो नाही.'

'ते चुकलं.'

नाडी बांधून झाली. नायक उठला, बायको दारातच राहिली. काकूंनी डोळे मिटले नाहीत. काकांकडे पाहिलंही नाही. पुढचा पाऊण तास दोघं तसेच बसून सिनेमा पाहत राहिले, आणि मी दर मिनिटाला माउस हलवत राहिलो.

सिनेमा संपल्यावर काकू तेवढ्याच टिपेला म्हणाल्या, "त्या बाईने दारात उभं राहायला नको होतं. बरोबर जायला हवं होतं तिने."

मग स्टूल ओढलं, कपाटावर हात घालून धूळ बसलेली एक छोटी वही खाली काढली, पदराने पुसली आणि काकांपुढे ठेवली.

"लिहा. काय काय न्यायचंय ते."

बुधवारी सकाळी त्यांना नेण्याआधी मला पाच मिनिटं भेटू दिलं. काकू आणि मुलगी बाहेर कागदांवर सह्या करत होत्या. काकांचा चष्मा, घड्याळ, सगळं माझ्या हातात आलं होतं. पांढऱ्या चादरीत ते एकदम लहान दिसत होते. मी त्यांचा चष्मा उगाच पुसत राहिलो. आणि अशा वेळी माझ्या तोंडून नेमकं नको तेच निघतं.

"काका, एक विचारू? मी पुसले त्या बाकीच्या दहा सिनेमांत... तिथे किती ओळी सिनेमातल्या होत्या आणि किती तुमच्या?"

चष्म्याशिवाय त्यांना मी नीट दिसत नसणार. तरी रोखून पाहिलं.

"तुम्हाला ऐकू येतं ना, मग वाचायचंय कशाला?"